टिंबापुढचं शून्य

कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर एका ओळीत बत्तीस अक्षरं मावतात. तेहतिसावं टाकलं की सगळी ओळ डावीकडे सरकते आणि सुरुवातीची अक्षरं कडेआड जातात. ती पुसली जात नाहीत, फक्त दिसत नाहीत. म्हणून पायथन या संगणकभाषेत लिहिताना प्रत्येक आतल्या ओळीआधी सगळे चार मोकळ्या जागा सोडतात तिथे राजेश्वरी दोनच सोडते. पायथनला दोन चालतात. ओळीमागे दोन अक्षरं वाचतात, आणि एकात एक अशा तीन पायऱ्या उतरल्या की सहा.

कॅल्क्युलेटरवर प्रोग्रॅम लिहायचा हा नाद तिला लागला तो कारखान्याच्या गेटमुळे. नवलाख उंबरेच्या एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात ती प्रयोगशाळा सांभाळते. तिथे फोन आत नेता येत नाही. सकाळी गेटवर द्यायचा, पितळी बिल्ला घ्यायचा, संध्याकाळी बिल्ला देऊन फोन घ्यायचा. पण आलेख काढणारा कॅल्क्युलेटर हा काही फोन नव्हे. पहिल्या दिवशी गेटवरच्या अंबाजीने तो उलटापालटा करून पाहिला होता.

"मॅडम, ह्यात सिम कुटं बसतं?"

"बसत नाही."

"क्यामेरा?"

"नाही."

"मग येवढा मोठा पडदा कशाला ठिवलाय?"

"आलेख काढायला."

अंबाजीने थोडा विचार केला आणि रजिस्टरमध्ये 'मोठी गणकयंत्रणा, १ नग' अशी नोंद करून ते आत सोडलं. त्याला आता तीन वर्षं झाली.

जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. डबा बारा मिनिटांत होतो, उरतात अठरा. त्या अठरा मिनिटांत तिने आजवर साठावर छोटे प्रोग्रॅम लिहिले होते. आम्लात थेंबथेंब अल्कली पडताना काढायचा आलेख, चंद्राच्या कला, मूळ संख्यांची चाळण, फासे. यातल्या कशाचाही कुणाला उपयोग नव्हता. इंटरनेटवर असाच नाद असलेल्या लोकांचा एक गट आहे. तिथे कुणी आपला प्रोग्रॅम अकरा अक्षरांनी आखूड केला तर त्यावर आठवडाभर चर्चा होते. राजेश्वरी तिथे फारसं बोलत नाही. पण तिथे तिला बरं वाटतं.

त्या आठवड्यात मात्र ती उपयोगाचं काहीतरी लिहीत होती.

"मॅडम, आज काय? चंद्र झाला का?" समोरच्या बाकावरून अपेक्षाने विचारलं. प्रयोगशाळेतली ही सगळ्यांत नवी मुलगी. तिची जीभ आणि हात दोन्ही झरझर चालायचे.

"आज जमीन."

"अय्या, प्लॉट घेताय?"

"नाही गं. आमच्या सुदुंबऱ्याच्या शेताची वाटणी आहे. भावाची आणि चुलत्यांची."

"मग त्यांनी करावी की. तुमच्या जेवणाची का खोटी?"

राजेश्वरी हसली. याचं उत्तर लांब होतं.

आई आधीच गेली होती; वडील, कोंडाजी, जाऊनही दोन वर्षं झाली होती. जमीन त्यांची आणि त्यांच्या धाकट्या भावाची, रखमाजी आबांची, सामाईक. वडिलांमागे वारसांची नोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर भावाच्या, निलेशच्या, नावाखाली राजेश्वरीचंही नाव चढलं. कायद्याने चढतंच. मग रिवाजाप्रमाणे निलेशने हक्कसोडीचा कागद तयार करून घेतला. बहिणीने आपला हक्क भावाच्या नावे सोडायचा, वडगावच्या कचेरीत जाऊन सही करायची, भावाने साडी नेसवायची आणि माहेरचा उंबरा जन्मभर मोकळा राहायचा. गावात हेच होत आलं होतं. ज्या एकदोघींनी सही केली नाही त्यांच्याबद्दल बायका आवाज खाली आणून बोलायच्या, एखादीचं दुखणं सांगावं तसं.

निलेशने विचारलं तेव्हा राजेश्वरी म्हणाली होती, "बघू." पुढे पुन्हा विचारलं, पुन्हा बघू. नवऱ्याला तिने मत विचारलं तर देहूरोडच्या डेपोतून थकून आलेला तो माणूस म्हणाला, "तुझं माहेर, तुझी जमीन. मी बोललो तर सासुरवाडीच्या जमिनीवर डोळा ठेवला म्हणतील." ते खरंच होतं. त्यामुळे तिचा प्रश्न तिच्यापाशीच राहिला.

आता आबांनी घाई केली होती. पाय चालतायत तोवर आपलं निम्मं वेगळं करून घ्यायचं म्हणत होते. निलेशचा फोन आला होता. "ताई, तू ते तुझ्या यंत्रावर बसव. यंत्रानं सांगितलं म्हंजी कुणाला बोलायला जागा न्हाई. मी यादी पाठवतो. आन् रविवारी येताना मंगळवारची पण तयारी ठेव. वडगावची तारीख घेतलीय."

हिशेबासाठी तिला बोलावणं काही नवं नव्हतं. तिसरीत असल्यापासून ती गावाचे गुंठे मोजत आली होती. दोघा भावांचं वाजलं की कोंडाजी म्हणायचे, "आमच्या राजीला इचारा," आणि ती परकराला हात पुसत देवळासमोर यायची, पाटीवर बेरीज मांडायची आणि घरी जायची. तिच्या बेरजा कधी चुकल्या नाहीत. पण पंगतीत वाढणारी शेवटी बसते म्हणतात, तसं होतं ते. वाढता वाढता तिची पानावर बसायची वेळ कधी आलीच नव्हती, आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं. निदान तिची तशी समजूत होती.

यादीत तीनच ओळी होत्या. गट नंबर आणि पुढे क्षेत्र, एकर-गुंठ्यांत. एका एकरात चाळीस गुंठे. गावात १.१५ लिहिलं की त्याचा अर्थ एक एकर पंधरा गुंठे, म्हणजे पंचावन्न गुंठे. मधलं टिंब हे दशांशचिन्ह नव्हे. दोन खोल्यांमधल्या भिंतीसारखं ते एकर आणि गुंठे वेगळे ठेवतं, एवढंच. यंत्राला हे माहीत नसतं. म्हणून राजेश्वरीने पहिल्यांदा असं लिहिलं: आकड्यातला पूर्णांक तो एकर, उरलेल्याला शंभराने गुणून जो पूर्णांक येईल ते गुंठे. चाचणीसाठी तिने १.१५ घातलं.

उत्तर आलं, चोपन्न गुंठे.

तिला आश्चर्य वाटलं नाही, थोडी मजाच वाटली. यंत्र आकडे दोनाच्या घातांत साठवतं आणि एक पूर्णांक पंधरा शतांश त्याला नेमका साठवताच येत नाही. तो किंचित कमी पडतो. शंभराने गुणल्यावर चौदा आणि पुढे नऊच नऊ. पूर्णांक घेतला की चौदा. धान्य मापताना मापाच्या काठावरचा दाणा खाली पडावा तसा एक गुंठा पडला होता.

"काय झालं मॅडम?"

"एक गुंठा सांडला."

"उचला पटकन. भोंगा होईल."

तिने रीत बदलली. आकडा हा आकडा म्हणून घ्यायचाच नाही, मजकूर म्हणून घ्यायचा, टिंबावर तोडायचा, डावीकडचं ते एकर, उजवीकडचं ते गुंठे. यात गुणाकार नाही, त्यामुळे सांडलवंडही नाही. पंचावन्न आले. मग तिने यादी जशी आली होती तशी घातली, वाटेकऱ्यांची नावं लिहिली, एकूण बेरजेला वाटेकऱ्यांच्या संख्येने भागायची ओळ लिहिली आणि भोंगा झाला. प्रोग्रॅम एकवीस ओळींचा झाला होता. एकही ओळ बत्तीस अक्षरांपलीकडे गेली नव्हती.

रविवारी सकाळी ती तळेगावहून स्कूटरवर निघाली. चाकणच्या रस्त्याला कंटेनरांची रांग होती. इंदोरीच्या पुढे ती एका बाजूला थांबून पाणी प्यायली. मंगळवारच्या तयारीपैकी आधारकार्ड आणि दोन फोटो पर्समध्ये होते. निलेशने मागितले म्हणून घेतले होते. घेतले म्हणजे सही करायची ठरवली असं नव्हे, असंही तिने स्वतःला सांगितलं होतं.

घरापुढच्या शेडमध्ये आबा खाटेवर बसले होते. ऐंशीच्या घरातले, पाठ ताठ, डोक्याला पांढरी टोपी. निलेश खुर्चीत फोन घेऊन. तो चाकणला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये कामाला होता, त्याचं सगळं फोनवरच्या तक्त्यात असे. त्याची बायको चंपा चहा घेऊन आली.

"वन्सं, वाळलात की. कंपनीत जेवाय देत न्हाईत?"

"बारा मिनिटं देतात."

"या बया."

आबांनी बशीतला चहा संपवला आणि मिशी पुसली. "राजे, आणलंस का तुजं यंतर?"

"आणलंय आबा."

"मग सांग. मला दम न्हाई."

तिने प्रोग्रॅम चालू केला आणि पडद्यावरचं वाचून दाखवलं. "एकूण चार एकर सात गुंठे. एका वाट्याला दोन एकर साडेतीन गुंठे."

आबांनी मान वर केली. "किती म्हणलीस?"

"चार एकर सात."

"चार एकर सोळा हाय ती जमीन. माज्या बापापासनं चार एकर सोळा. नऊ गुंठं कुटं गेलं? चंपे, तू चुलीत घातलंस काय गं?"

"मी कशाला घालू आबा? मी गॅसवर करते."

"आबा, यंत्र चुकत न्हाई," निलेश म्हणाला.

"मग माजा बाप चुकला व्हय?"

राजेश्वरी म्हणाली, "थांबा. एकेक तुकडा वाचते. पहिला, एक एकर पंधरा गुंठे."

"त्यो माळ. बराबर."

"दुसरा एकतीस गुंठे."

"वढ्याकडचं. बराबर हाय."

"तिसरा, दोन एकर एक गुंठा."

"इहिरीचं?" आबांनी खाटेवर हात आपटला. "इहिरीचं सव्वादोन हाय! पोरी, तुला ठावं न्हाई? तितं तू काकड्या चोरून खायचीस."

सव्वादोन. तो शब्द तिने वडिलांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकला होता. सव्वादोन एकर म्हणजे दोन एकर दहा गुंठे. पण यादीत विहीर नव्हती, नुसता गट नंबर होता, आणि गट नंबराला काकड्यांचा वास येत नाही.

"निलेश, मला पाठवलेली यादी कशावर केली होतीस?"

"तक्त्यात. मी दोन टिंब दहाच टाकलंतं, ताई. शपथ."

"पुन्हा टाकून बघ."

त्याने फोनवर तक्ता उघडला आणि रिकाम्या चौकोनात २.१० टाकलं. पुढच्या चौकोनात गेल्याबरोबर शेवटचं शून्य गळलं. २.१ उरलं. त्याने परत टाकलं, परत गळलं. आबा, चंपा आणि निलेश तिघंही त्या चौकोनावर वाकले होते.

"शून्य खाल्लं!" आबा म्हणाले. त्यांना ते फारच आवडलेलं दिसलं. "आरं, शून्य खाल्लं भाड्यानं!"

"टिंबापुढं शेवटी शून्य असलं तर त्याला किंमत नसते, असं तक्त्याला शिकवलंय," राजेश्वरी म्हणाली.

"किंमत न्हाई कशी? नऊ गुंठं हुतं की त्यात."

चूक तिच्याही लक्षात येत होती, आणि ती एकट्या तक्त्याची नव्हती. तिने पहिली, गुणाकाराची रीत तशीच ठेवली असती तर २.१ चे दहाच गुंठे निघाले असते. चुकीच्या वाटेने बरोबर उत्तर. माळाचा एक गुंठा सांडला असता तेवढाच. तो एक वाचवायला तिने रीत सुधारली आणि सुधारलेल्या रीतीने नऊ घालवले. रीत अचूक होती. तिच्या हातात आलेला कागद आधीच बदललेला आहे का, हे मात्र तिने विचारलं नव्हतं. प्रयोगशाळेत नमुना हातात आला की ती आधी विचारते, कुणी काढला, कशात आणला. इथे माहेरचा कागद म्हणून विचारलं नाही.

तिने शून्य घातलं. चार एकर सोळा गुंठे. एका वाट्याला दोन एकर आठ.

"आता कसं," आबा म्हणाले. "तरी बी सातबारा काड, निलेश. यकदा ताळा बघू."

निलेशने पत्र्याच्या पेटीतून सातबारा आणला. आबांनी चष्मा नाकावर घेतला. कागदावर हेक्टर-आर होतं; एक आर म्हणजे गुंठ्याहून किंचित कमी. विहिरीच्या गटापुढे एक्क्याण्णव आर. राजेश्वरीने तोंडीच सांगितलं, "नव्वद गुंठे. जुळतंय." आबांचं बोट मात्र आकड्यावर थांबलं नाही, वर नावांकडे गेलं. ते एकेक नाव मोठ्याने वाचत होते. आधी स्वतःचं. मग निलेशचं. मग तिचं.

"तू मगा येका वाट्याला किती म्हणलीस?"

"दोन एकर आठ."

"म्हंजी वाटेकरी किती धरलंस?"

"दोन."

ती म्हणाली आणि तिने स्वतःचं उत्तर ऐकलं. बटण दाबत ती प्रोग्रॅमच्या वरच्या ओळींवर गेली. तिथे वाटेकऱ्यांची यादी होती. रखमाजी, निलेश. तिसऱ्या नावाला त्या ओळीत जागा होती. पुढे बारा अक्षरं मोकळी दिसत होती.

"कागदाव तीन हायेत," आबा म्हणाले.

"आबा, त्ये झालंय," निलेश म्हणाला. "ताई हक्कसोड देनार हाय. मंगळवारी वडगावला जायचंय. गाडी सांगितलीय."

"तिनं तसं सांगितलंय?"

"बघू म्हणलीय."

"कितींदा?"

निलेश हसला. "मी काय मोजत बसलोय का?"

"आठ वेळा," राजेश्वरी म्हणाली.

"आन् बघू म्हंजी व्हय का न्हाई?"

"आबा, लेकीचं बघू म्हंजी व्हयच की," चंपा रिकाम्या कपबशा गोळा करत म्हणाली. आवाज गोड होता. "न्हाई म्हणायला येवढा येळ लागतोय व्हय? वन्संना काय कमी हाय. दोघं कमावत्यात."

"तू गप गं. मी यंतरवालीला इचारतोय."

शेडच्या पत्र्यावर एक कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज येत होता. नाही म्हटलं तर काय काय होईल, हे राजेश्वरीने दोन वर्षांत पुष्कळदा मांडून पाहिलं होतं. निलेश ओरडणार नाही. तो फक्त फोन कमी करील. भाऊबीजेला येईल, पण जेवायला थांबणार नाही. चंपा 'वन्सं' म्हणणं सोडून 'राजेश्वरीताई' म्हणू लागेल. आणि हो म्हटलं तर काहीच होणार नाही. सगळं आहे तसंच चालू राहील, एका कागदावरून एक नाव कमी होईल. प्रयोगशाळेत दोन नोंदी जुळल्या नाहीत की तिसरी घेतात. ती दोन वर्षं तिसऱ्या नोंदीची वाट बघत होती, आणि वाट बघणं म्हणजेच विचार करणं असं धरून चालली होती.

निलेशने खुर्ची थोडी पुढे ओढली. तो चिडला नव्हता, समजावत होता. "ताई, खरं सांग. मी यादीत फक्त जमीन पाठवली. दोन नावं धर असं मी म्हणलो होतो का? तूच धरलीस. तुझ्या हातानं. म्हंजी तुझ्या मनात व्हयच हाय, न्हाई का? मग उगं ताणायचं कशाला?"

तो म्हणत होता ते खरं होतं. तिला कुणीच सांगितलं नव्हतं. भोंगा व्हायला दोन मिनिटं असताना, जराही न थांबता, तिने दोन नावं लिहिली होती. पाटीवर बेरीज मांडून घरी जावं तसं. शून्य निदान तक्त्याने खाल्लं होतं.

"ते मनात होतं म्हणून नव्हतं, निलेश," ती म्हणाली. "ती चूक होती."

"कसली चूक?"

"माझी. नऊ गुंठ्यांहून मोठी."

आबांनी चष्मा काढून हातात धरला. चंपा कपबशांसकट दारात थांबली. राजेश्वरीने कॅल्क्युलेटर खाटेवर ठेवला. पुढच्या आकड्यासाठी तिला त्याची गरज नव्हती. चार एकर सोळाचं निम्मं वडिलांचं, त्याचं पुन्हा निम्मं तिचं. तिसरीतल्या मुलीलाही तोंडी येईल.

"मंगळवारची गाडी रद्द कर," ती म्हणाली. "मी हक्कसोड देणार नाही. एक एकर चार गुंठे माझे आहेत, ते मला हवे आहेत."